कारवानी की गावठी?

घरात कुत्रा पाळावा की पाळू नये, हा वाद आज आपल्याला घालावयाचा नाही. ज्या घराने तो पाळावयाचे ठरविले आहे, त्याने कोणता पाळावा एवढाच विचार ह्या खेपेस करू. बारडोलीत आणि आसपासच्या गावांत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानी येतो, आणि त्यात बहुधा दोनच नावे असतात. एक कारवानी, ज्याला मुधोळचा कुत्रा म्हणून ओळखतात. आणि दुसरा गावठी, ज्याला आपले गुजराती शेजारी शेरीचा कूतरा म्हणतात. लांब केसांची विलायती जनावरे दक्षिण गुजरातच्या दमट हवेत कशी धापा टाकतात, हे पाहून पुष्कळांनी तो नाद सोडला, ही समाधानाची गोष्ट होय. हे दोन्ही कुत्रे आपल्याच हवेत वाढलेले, आखूड केसांचे, काटक आणि वजनाने मध्यम. मग निवड करावयाची ती कशावरून?

माझ्या मते रूप, किंमत आणि लौकिक ह्या तिन्ही गोष्टी क्षणभर बाजूस ठेवाव्यात. त्या वाणाने पिढ्यानपिढ्या कोणते काम केले, हे आधी पाहावे. आणि ते काम आपल्या घरात आहे काय, असे स्वतःस विचारावे. कुत्र्याच्या पूर्वजांनी केलेले काम त्याच्या पायांत, डोळ्यांत आणि स्वभावात मुरलेले असते. आपण त्याला घरी आणतो तेव्हा ते कामही त्याच्यासोबत उंबरठा ओलांडून आत येते.

प्रथम कारवानीचे पाहू. व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर मध्य आशियाच्या बाजूने हे कुत्रे दख्खनेत आले, म्हणून लोकांनी त्यांस कारवानी म्हटले, असे सांगतात. अरबांचा सालुकी कुत्रा ज्याने पाहिला असेल त्याला ह्या दोघांतील नाते चटकन जाणवेल. निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि वाऱ्यावर रेघ ओढावी तसे सडसडीत अंग. खांद्यापाशी उंची साधारण ६५ ते ७२ सेंटिमीटर, पण वजन वीस-पंचवीस किलोंच्या आसपास. दख्खनच्या माळावर शतकानुशतके हा कुत्रा राहिला. लातूर, नांदेड, सोलापूर, सांगली ह्या भागांत तो आजही हौसेने पाळला जातो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते.

मुधोळ हे नाव त्यास चिकटले ते घोरपडे घराण्यामुळे. मुधोळ हे आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील गाव. १९४८ साली विलीन होईपर्यंत ते मराठी राजघराण्याचे संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनी ह्या वाणाची निगराणी केली, त्याची पैदास वाढविली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहास ही जनावरे भेट दिली, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे आता ह्या कुत्र्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत एक मुधोळचे होते. पुढे लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात ह्या वाणाची पिल्ले शिक्षणासाठी नेण्यात आली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी वाणांची नावे घेतली तेव्हा त्यांत मुधोळचेही नाव होते. त्यानंतर शहरांतून त्यास मागणी वाढली आणि आपल्यापैकी काहींच्या मनातही तो भरला.

पण त्याचे काम कोणते होते? नजरेने सावज टिपावे, आणि धन्याच्या हाकेची वाट न पाहता त्याच्या मागे सुटावे, हे त्याचे काम. वासावर चालणारा कुत्रा जमीन हुंगत जातो. कारवानी क्षितिजाकडे पाहतो. दूर पाचोळ्यात ससा हलला की त्याचे पाय विचार करण्याआधी धावू लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले. तथापि कायद्याने माणसाचा हात आवरता येतो, कुत्र्याचे पाय आवरता येत नाहीत. ससा नसेल तर तो मांजरामागे धावेल, शेजारच्या कोंबडीमागे धावेल, मोटारसायकलीमागे धावेल. रस्ता, वाहने, खड्डे ह्यांचे भान त्या क्षणी त्याला राहत नाही. ‘ये रे ये’ म्हणून कितीही ओरडलात तरी ते त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्याला रोज मोकळी, पण चहूबाजूंनी बंदिस्त अशी धाव लागते. पट्टा धरून सोसायटीला दोन फेऱ्या मारल्याने त्याचे समाधान होत नाही.

त्याचा स्वभावही कामाला साजेसाच आहे. घरातील एका-दोघांवर त्याचा जीव जडतो. इतरांशी तो अंतर राखून वागतो. परक्याने डोक्यावर हात फिरविलेला त्याला खपत नाही. दिवसभर आल्यागेल्याचा राबता असलेले घर, शिकवणीला येणारी मुले, गणपतीच्या दिवसांत आरतीला जमणारी पन्नास माणसे, हे सारे त्याला जाचते. एरवी तो घरात शांत असतो, तासन् तास झोपतो, विनाकारण भुंकत नाही. मारझोड केली तर तो मनातून खचतो किंवा उलटतो. अंगावर चरबी फारच कमी, म्हणून थंडीत त्यास पोत्याची नव्हे, जाड अंथरुणाची गरज असते. आणि एखादी शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास भुलीच्या औषधाची आठवण पशुवैद्यास आवर्जून द्यावी, कारण अशा सडपातळ शिकारी वाणांना काही भुलीची औषधे अधिक काळ बाधतात.

आता गावठी. ह्याची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही आणि त्याला राजाश्रयही मिळाला नाही. मोहेंजोदडोच्या उत्खननात कुत्र्याची कवटी सापडली, तेव्हा माणसाच्या वस्तीशी कुत्र्याचे नाते ह्या भूमीत किती जुने आहे हे दिसले. पिवळसर तपकिरी किंवा काळा-पांढरा रंग, उभे कान, पाठीवर वळलेले शेपूट, पाचरीसारखे तोंड. उंची साधारण दीड-दोन फूट, वजन पंधरा ते पंचवीस किलो. माणसाने ठरवून त्याची पैदास केली नाही. जो रोगाला पुरून उरला, ज्याला माणसाचा राग आणि लोभ दोन्ही ओळखता आले, त्याचाच वंश पुढे चालला. म्हणूनच एका विशिष्ट रूपासाठी जवळच्या नात्यात पैदास केलेल्या कुत्र्यांना जे आनुवंशिक विकार जडतात, ते त्याच्यात कमी आढळतात. अंगाला वास कमी, खाणे माफक, आणि घरात नीट सांभाळल्यास बारा-चौदा वर्षांचे आयुष्य.

त्याचे काम कोणते? वस्तीच्या कडेला राहून वस्तीवर नजर ठेवणे. कोण आपले, कोण परके, कोणाची पावले रोजची, कोणाची आजच प्रथम वाजली, हे जाणणे. हे काम मात्र आपल्या प्रत्येकाच्या घरात आजही शिल्लक आहे. ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातून आणि डांगातून आलेल्या कोयतेकऱ्यांच्या पालांपाशी पाहावे. पालाच्या तोंडाशी बसलेला कुत्रा बहुधा गावठीच असतो, आणि आत निजलेल्या लेकराची जोखीम आईने त्याच्यावर टाकलेली असते.

गुजरातच्या लोकांनी ह्या कुत्र्याशी जे नाते राखले आहे ते आपणही पाहण्यासारखे आहे. शेरीत कुत्री व्याली की मुले घरोघर फिरून पीठ, गूळ, तूप जमवितात आणि बाळंतिणीला शिरा करून घालतात. उत्तरायणाला कुत्र्यांसाठी लाडू करण्याची चाल अनेक गावांत आहे. आपल्याकडे दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार श्वान असतात. गरुडेश्वरी टेंबेस्वामींच्या समाधीस जाऊन आलेल्या घरांत ती तसबीर हमखास असते. हात आपण रोज त्या तसबिरीला जोडतो, आणि दारातल्या श्वानाला मात्र हाड म्हणतो. धर्मराजाने स्वर्गाच्या दारी ज्याच्यासाठी पाऊल अडविले, तो कुत्राही कोण्या नामांकित वाणाचा होता असे महाभारत सांगत नाही.

म्हणून गावठी निर्दोष आहे असे मुळीच नव्हे. तो भुंकतो, आणि रात्री अधिक भुंकतो. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत ह्यावरून शेजारधर्म बिघडतो. त्याला आपल्या हद्दीचा फार अभिमान. दाराशी दुसरा कुत्रा आला की तो ऐकत नाही. तो चटकन शिकतो, परंतु सांगितलेले केवळ तुम्ही सांगितले म्हणून करीत नाही. त्यात त्याला काही अर्थ दिसावा लागतो. शिक्षकांना असे विद्यार्थी परिचयाचे असतात. पिलाचे पहिले तीन-चार महिने जर माणसांच्या सहवासाविना, भुकेत आणि दगड खाण्यात गेले असतील, तर ते भय पुढे मोठेपणीही अंगात राहते. म्हणून रस्त्यावरचे पिल्लू आणावयाचे तर ते साधारण दोन महिन्यांचे असावे. त्याआधी आईपासून तोडू नये. आई आणि भावंडांशी खेळताना दात किती लावावा हे ते शिकते, आणि ती शिकवण आपल्याला देता येत नाही. आई माणसांजवळ निर्धास्त येते काय, हेही पाहावे.

आता घरांकडे वळू. आपल्या मंडळींची घरे साधारणतः तीन तऱ्हांची दिसतात.

पहिले घर सोसायटीतले. खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे ओटा. घरात आजी, दोन मुले, आणि सकाळी सातला नोकरीवर जाणारे आईवडील. ह्या घराने गावठी पाळावा. मुलांचा गलका, पाहुणे, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारचा दूरदर्शन संच ह्यांत तो लहानपणापासून वाढला तर सहज रुळतो. सकाळ-संध्याकाळ मिळून तासाभराचा फेरफटका आणि घरच्यांची संगत त्याला पुरते. माझ्या परिचयाच्या एका अशाच घराने हौसेने कारवानी आणला होता. त्याला ओट्यावर साखळीने बांधले. वर्षभरात त्याने साखळीभोवती जमीन उकरली, स्वतःचे पाय चावून घेतले, आणि एके दिवशी खेळता खेळता मध्ये आलेल्या मुलाच्या हाताला दात लागले. मग त्याला कोणाच्या तरी शेतावर पाठविले. तेथून तो पळाला, आणि पुढे त्याचा पत्ता लागला नाही. कुत्रा वाईट नव्हता आणि माणसेही दुष्ट नव्हती. परंतु धावण्यासाठी घडलेल्या जीवाला सहा फुटांचे जग दिले गेले होते.

दुसरे घर वाडीतले. काकरापारच्या कालव्याचे पाणी, भोवती ऊस, मध्ये घर आणि गोठा. तारेचे उंच कुंपण घातलेली अर्धा-एक एकर मोकळी जागा असेल, आणि पहाटे त्याच्यामागे उभा राहणारा एक तरुण माणूस घरात असेल, तर कारवानीने अशा घरी यावे. शेजारी कोंबड्या-शेळ्या उघड्यावर असल्यास मात्र पुनः विचार करावा. पिल्लू घेताना आईबाप दोन्ही डोळ्यांनी पाहावेत. मागणी वाढल्यापासून संकरित पिल्लेही कारवानी म्हणून विकली जातात. आणि एक गोष्ट कोणत्याही वाणाच्या बाबतीत विसरू नये. बारडोली, महुवा, मांडवी ह्या भागांतील उसात बिबट्यांचा वावर असतो आणि कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. रात्री अंगणात बांधून ठेवलेला कुत्रा राखण करीत नाही. तो बिबट्याला घराचा रस्ता दाखवितो. दिवेलागणीनंतर कुत्रा दाराच्या आत असला पाहिजे. घरातील लहान मुलांच्या जिवाशीच ह्याचा संबंध आहे.

तिसरे घर सुरतेच्या बाजूला झालेल्या इमारतीतले; दोघेही सकाळी बाहेर पडणारे, घर दहा तास कुलपात. ह्या घराला माझा सल्ला असा की, आज दोहोंपैकी कोणताही कुत्रा आणू नये. खालच्या आवारातील गावठी कुत्रीची नसबंदी करून घ्यावी, तिला लस टोचवावी, एका ठरावीक जागी वेळेवर अन्न द्यावे. तीही कुत्र्याची सेवाच होय.

कोणताही कुत्रा आणला तरी काही गोष्टी सारख्याच. दीड-दोन महिन्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपर ह्या रोगांच्या लसी पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे क्रमाने द्याव्यात, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी आणि पुढे ती वेळच्या वेळी टोचत राहावी. आपल्या भागात पावसाळ्यात भात आणि उसाच्या शेतांतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो माणसाला होतो आणि कुत्र्यालाही. म्हणून त्याची लस मिश्र लसीत आहे काय, हे विचारून घ्यावे. साचलेल्या पाण्यात कुत्रा सोडू नये. गोचीड दिसली की ती अंगावर राहू देऊ नये. तिच्यापासून कुत्र्याला ताप येतो आणि रक्त कमी होते. केवळ दूध-चपातीवर कुत्रा जगतो, पण पोसला जात नाही. अंडे, मांस, ते वर्ज्य असेल तर पशुवैद्याने सांगितलेला पुरा आहार त्याला मिळावा. कांदा-लसणाची आमटी, मनुका आणि चॉकलेट ह्या तीन गोष्टी लाडानेही देऊ नयेत. त्या त्याला विषासारख्या आहेत. शिजविलेले हाडही देऊ नये. त्याच्या फाका होऊन आतड्यात रुततात.

मुलांना एवढे शिकवावे की खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिलांजवळ बसलेल्या कुत्र्याला हात लावावयाचा नाही. भुंकणारे कुत्रे चावत नाही, ह्या म्हणीवर विसंबू नये. आणि कुत्र्याचा दात किंवा नखे लागली, मग तो कुत्रा घरचा असो, लस दिलेला असो, जखम किरकोळ असो, तरी ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, तिखट, चुना असले काहीही जखमेवर लावू नये. डॉक्टर सांगतील तितक्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यातून माणूस बहुधा वाचत नाही. आणि वेळेवर उपचार झाले तर बहुधा तो होतच नाही. ह्या दोन ‘बहुधां’मध्ये जे अंतर आहे ते एका दिवसाच्या आळसाने नाहीसे होऊ शकते.

शेवटी मनातली एक गोष्ट बोलतो. कारवानीकडे आपला ओढा असतो तो पुष्कळदा कुत्र्यापेक्षा नावासाठी असतो. मुधोळ, घोरपडे, दख्खन, ही नावे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाला अधिकच गोड लागतात. आपल्या मुलांनी पाळण्यातली गाणी गुजरातीतून ऐकली, त्यांच्या मराठीला इकडचा हेल आला. म्हणून अंगणात तरी मराठी दौलतीची एखादी खूण असावी, असे वाटणे मी समजू शकतो. परंतु वारसा जिवंत प्राण्याच्या गळ्यात अडकवून जपता येत नाही. त्यासाठी पुस्तके आहेत, सण आहेत, घरात बोलली जाणारी भाषा आहे. आणि ज्याला आपण गावठी म्हणून हिणवितो, त्याचा गुण काय? तो ज्या गावी राहिला त्या गावचा झाला. तेथली हवा, तेथले अन्न, तेथली माणसे त्याने आपली मानली आणि तरीही आपले मूळ रूप सोडले नाही. पिढ्यान् पिढ्या परमुलखात राहून मराठी राहिलेल्या घरांना हा गुण परका वाटू नये.

तेव्हा निवड करण्याआधी घरातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात. पहाटे साडेपाचला बाहेर कोण नेणार? दिवाळीत, जेव्हा फटाक्यांनी तो पलंगाखाली थरथरत असेल आणि आपल्याला देशावर जावयाचे असेल, तेव्हा त्याच्यापाशी कोण राहणार? आणि आज पाचवीत असलेला मुलगा बारा वर्षांनी नोकरीसाठी परगावी गेल्यावर म्हाताऱ्या कुत्र्याचे औषधपाणी कोण पाहणार? तिन्ही ओळींपुढे नावे लिहिली गेली, आणि ज्यांची नावे लिहिली त्यांनी ती स्वतः वाचून मान्य केली, तर कुत्रा आणावा. कोणता, हे तुमच्या कुंपणाची लांबी सांगेल.